चीत झाला तरी कुस्ती संपत नाही : एमएमए शिकायला सुरुवात करण्याआधी

दिवाळीला सगळे जमलो होतो. भाचा मोबाईलवर एक लढत बघत होता आणि त्याच्या खांद्यावरून माझे मामाही. मामांनी सत्तरी ओलांडली आहे. तरुणपणी ते कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती करायचे. पडद्यावरचा एक लढवय्या पाठीवर पडला, दुसरा त्याच्यावर चढला आणि मामा म्हणाले, "चीत झाला की! पाठ लागली. पंच काय बघतोय मग?"

पंच शांतपणे बघत राहिला. खालच्याने वरच्याचा एक हात धरला, कंबर उचलली, दोन्ही पाय त्या हाताभोवती टाकले आणि कोपर उलट्या बाजूला ताणलं. वरच्याने त्याच्या मांडीवर भराभर थाप मारली. लढत संपली. जिंकला खालचा.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाच्याला म्हणाले, "हे मला नीट समजावून सांग." भाच्याला ते सांगता येईना. तो तेव्हा जिममध्ये नाव घालायच्या विचारात होता. मी तालमीत चार वर्षं काढली आहेत आणि नंतर वयाच्या पस्तिशीत हा खेळ शिकायला लागलो, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांमध्ये एमएमएचा पहिल्यांदाच समावेश झाल्यापासून असे प्रश्न वरचेवर कानावर येतात. त्या दिवशी मामांना जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

उंबऱ्याबाहेर, उंबऱ्यावर आणि घरात

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, जुजुत्सू अशा वेगवेगळ्या विद्यांमधलं जे प्रत्यक्ष लढताना टिकतं, ते एकत्र करून झालेला हा खेळ. पण "सगळ्याचं मिश्रण" एवढ्यावर थांबलं तर तो समजत नाही. मला तो घराच्या उदाहरणाने समजला.

दोघं एकमेकांपासून हातभर लांब असतात, तेव्हा ते उंबऱ्याबाहेर असतात. तिथे ठोसे आणि लाथा चालतात. दोघं एकमेकांना भिडले, मान-दंड पकडले, की ते उंबऱ्यावर आले. या भिडण्याला क्लिंच म्हणतात. तिथे गुडघा चालतो, कोपर चालतं आणि मुख्य म्हणजे पाडापाडी चालते. एकजण पडला की दोघं घरात शिरले. जमिनीवरच्या या भागात वर बसून मारता येतं, सांधा पिळता येतो, गळा आवळता येतो.

बॉक्सरला उंबऱ्याबाहेरचं सगळं येतं, पण घरात तो परका असतो. पैलवान उंबऱ्यावरचा राजा. जुजुत्सूवाला घरातला. लढत कुठे व्हायची हे जो ठरवू शकतो, त्याचं पारडं जड असतं. म्हणून या खेळात नुसतं ठोसा मारणं किंवा नुसतं पाडणं शिकून भागत नाही. ठोसा मारता मारता पट काढणं (पाय धरून पाडणं), पडता पडता पुन्हा उठणं, म्हणजे एका जागेतून दुसऱ्या जागेत जाणं, हे खरं शिक्षण आहे आणि त्यालाच सर्वात जास्त वेळ लागतो.

१९९३ ची ती रात्र

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेनव्हर शहरात पहिली यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप) स्पर्धा झाली. वेगवेगळ्या विद्यांचे आठ जण, जवळजवळ नियम नाहीत, एका रात्रीत बाद पद्धतीच्या लढती. कोणती विद्या श्रेष्ठ, हा जुना वाद मिटवायचा होता. जिंकला ब्राझीलचा रॉयस ग्रेसी. वजन जेमतेम ८० किलो, अंगात पांढरा जुजुत्सूचा झगा. त्याने एक बॉक्सर, एक धिप्पाड कुस्तीगीर आणि सावात ही फ्रेंच किकबॉक्सिंग खेळणारा एक डच असे तिघं हरवले. बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता आणि जमिनीवर गेल्यावर काय करायचं हेच न कळल्याने त्याने हार मानली.

ग्रेसी घराण्याची विद्या मुळात जपानची. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची शाळा काढली. त्या शाळेतले मित्सुयो माएदा ब्राझीलला गेले आणि त्यांनी तिथल्या ग्रेसी कुटुंबाला शिकवलं. त्या कुटुंबाने जमिनीवरचा भाग इतका घोटला की त्यातून ब्राझिलियन जुजुत्सू ही वेगळीच विद्या उभी राहिली.

त्या रात्रीने जगाला दाखवलं की पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. त्याचे पाय समोरच्याच्या कंबरेभोवती असतील तर तो उलट सुरक्षित जागी असतो. या स्थितीला गार्ड म्हणतात. मामांना जो माणूस चीत झालेला दिसला, तो गार्डमध्ये होता.

आजची एमएमए मात्र १९९३ सारखी बेबंद नाही. नव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीमध्ये एकत्रित नियमावली तयार झाली आणि बहुतेक स्पर्धा तिच्यावरच चालतात. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबाच्या लढतीला पाच. वजनगट, पंच, डॉक्टर. डोळ्यात बोट घालणं, जांघेत मारणं, डोक्याने धडकणं, डोक्याच्या मागच्या बाजूला मारणं, पडलेल्याच्या डोक्यावर लाथ घालणं, एकेक बोट मुरगळणं या सगळ्याला बंदी.

तालमीतून आलेल्याला काय विसरावं लागतं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या वाचकासाठी हाच भाग मोलाचा आहे.

तालमीतला पोरगा एमएमएच्या जिममध्ये आला तर पहिल्याच दिवशी तिथल्या वर्षभर जुन्या मुलांना पाडतो. दुहेरी पट, एकेरी पट, ढाक, टांग हे कुस्तीचे सगळे डाव जसेच्या तसे चालतात. मान जोर-बैठकांनी आणि मातीत घासून तयार झालेली असते, पकड सुटत नाही. रशियातल्या दागेस्तानचा एमएमए लढवय्या खबीब नुरमागोमेदोव्ह २९ लढतींत एकदाही न हरता निवृत्त झाला. लहानपणापासून अंगात मुरलेली कुस्तीच त्याच्या खेळाचा कणा होती.

पण दोन सवयी घात करतात.

पहिली, पाठ वाचवायची. कुस्तीत पाठ लागली की खेळ खल्लास. त्यामुळे खाली आलेला पैलवान विचारही न करता पोटावर वळतो आणि जमिनीला चिकटून राहतो. वस्तादांनी वर्षानुवर्षं हेच अंगवळणी पाडलेलं असतं. एमएमएत नेमकं हेच सर्वात धोक्याचं. पोटावर वळलात की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो आणि हनुवटीखालून हात घालून मागून गळा आवळतो. तुम्हाला तो दिसत नाही आणि तुमचे हात त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. मला पहिल्या दोन महिन्यांत जवळजवळ प्रत्येक वेळी असंच हरवलं गेलं. डोक्याला कळत होतं, पण पडलं की अंग आपोआप वळायचं. चार वर्षांची सवय मोडायला मला सहा महिने लागले.

दुसरी सवय मानेची. कुस्तीत डोकं खाली, कपाळ समोरच्याच्या छातीला लावून पट काढायला शिरतो. एमएमएत तिथे गुडघा वाट बघत असतो. शिवाय शिरताना मान समोरच्याच्या काखेत राहिली तर तो पुढून गळ्याला फास घालतो. या पेचाला गिलोटिन म्हणतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये कुस्तीतून आलेला भरत खंडारे यूएफसीत शांघायला लढला. तिथे लढणारा तो पहिला भारतीय. ती लढत त्याने पहिल्याच फेरीत गमावली, ती याच गिलोटिनने. त्या मुक्कामापर्यंत पोचलेल्यालाही जे चुकलं, ते नवख्याने पहिल्या दिवसापासून घोटायला हवं. पट काढताना पाठ सरळ, नजर वर, कान समोरच्याच्या बरगडीला घट्ट.

ज्याने कधीच कुस्ती केली नाही त्याची पाटी कोरी असते, आणि त्याचाही एक फायदा आहे. त्याला गार्ड लवकर येतो, कारण पाठीवर पडण्याची लाज त्याला कुणी शिकवलेली नसते.

थाप : पहिला धडा

सांध्यावर ताण आला, गळा आवळला गेला, की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोन-तीनदा जोरात थाप मारायची. हात अडकले असतील तर पायाने, नाहीतर तोंडाने "टॅप" म्हणायचं. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. या एका कराराच्या आधारावर अख्खा खेळ उभा आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी दहा वेळा "मेलेला" माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी धडधाकट कामावर जातो.

ही थाप वेळेवर मारायची असते. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या असतात. गळ्याचा पेच बरोबर बसला तर त्या दाबल्या जातात आणि साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते. दुखत फारसं नाही, म्हणून नवखा म्हणतो, "अजून थोडं सोसतो," आणि पुढचं त्याला आठवत नाही. कोपराच्या पेचात दुखू लागल्यावर थोडाच वेळ हातात असतो. पायाची टाच पिळून गुडघा मोडणाऱ्या पेचांत तर बऱ्याचदा दुखायच्या आधीच स्नायुबंध फाटतो. म्हणून ते पेच नवख्यांनी करायचे नाहीत आणि कुणी लावू लागला तर पाय अडकताक्षणीच थाप मारायची.

तालमीत वाढलेल्यांना हे जड जातं. हार मानली असं वाटतं. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानच्या मासाहिको किमुराने एलियो ग्रेसीचा हात पिळला. ग्रेसीने थाप मारली नाही. हात मोडला, शेवटी त्याच्या बाजूच्यांनी लढत थांबवली. तो पेच आज जगभर किमुरा या नावानेच ओळखला जातो. ते मैदान होतं, हजारो लोक बघत होते. मंगळवारी संध्याकाळी सरावात तसं करण्यात काहीही शौर्य नाही. तीन महिने हात गळ्यात बांधून घरी बसावं लागतं, बाकी काही हाती लागत नाही.

पहिले तीन महिने कसे जातात

आठवड्यातून तीन दिवस, दीड तास. त्याहून जास्त सुरुवातीला नको, अंगाला सावरायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात तुम्ही पडायला शिकता : हनुवटी छातीला, हात मागे टेकवायचा नाही. हात टेकवला की मनगट जातं. मग पाठीवर पडून कंबर सरकवत वरच्याच्या खालून निसटायला शिकता. उभं कसं राहायचं, हनुवटी कशी झाकायची, सरळ ठोसा, मांडीवरची लाथ. हे सगळं जोडीदाराबरोबर, त्याने विरोध न करता. याला ड्रिल म्हणतात.

नंतर येतं स्पारिंग, म्हणजे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी सराव. तालमीत "लढत करणं" म्हणतात तेच. इथे प्रत्येक नवख्याची एकच तक्रार असते : दोन मिनिटांत दम संपतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याचंही तेच होतं. कारण दम कमी नसतो, तो श्वास रोखून धरतो आणि सगळे स्नायू सतत आवळून ठेवतो. नळ सगळे उघडे ठेवले तर टाकी कितीही मोठी असो, रिकामी होणारच. हे सांगून सुधारत नाही. साधारण तिसऱ्या महिन्यात एक दिवस खाली दबलेले असताना तुमच्या लक्षात येतं की आपण नाकाने शांतपणे श्वास घेतो आहोत. माझ्या मते सुरुवात खऱ्या अर्थाने त्या दिवशी होते.

डोक्याला मार लागणार, त्याचं काय?

आई-वडिलांचा हा पहिला आक्षेप आणि तो पूर्णपणे रास्त आहे. मी तो कधीच हसण्यावारी नेत नाही.

बरेच जण म्हणतात, हेल्मेटसारखा हेडगार्ड घातला की झालं. तसं नाही. स्टीलच्या डब्यात दही भरा, डबा जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि जोरात हिसका द्या. डब्याला पोचा येणार नाही, पण आतलं दही मोडणारच. कवटीतल्या मेंदूचं तसंच आहे. हेडगार्ड कातडी फाटण्यापासून वाचवतो, मेंदू हलण्यापासून नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच लढले.

मग उपाय काय? डोक्यावर जोराने मारण्याचा सराव करायचाच नाही. पहिले सहा महिने तर मुळीच नाही. त्यानंतरही हलक्या हाताने, १६ औंसांचे म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमचे जाड ग्लोव्ह घालून, आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशाच जोडीदाराबरोबर. डोक्याला लागल्यावर चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवायचा, डॉक्टरकडे जायचं आणि ते सांगेपर्यंत परतायचं नाही. पूर्ण बरं होण्याआधी बसलेला दुसरा मार पहिल्याहून फार घातक असतो.

म्हणूनच मला कुणी विचारलं की सुरुवात कशाने करू, तर मी जमिनीवरच्या पकडीने करा असं सांगतो. कुस्ती, ज्युदो, जुजुत्सू यांत डोक्यावर ठोसे न खाताही बरीचशी ताकद लावून लढता येतं. समोरचा खरोखर विरोध करत असताना काय होतं, हे त्यात लवकर आणि कमी किमतीत कळतं. ठोसे नंतर शिकता येतात.

चांगली जिम कशी ओळखायची

पैसे भरण्याआधी एक तास नुसतं बसून बघा. बघू देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

बघताना प्रशिक्षकाकडे कमी आणि जुन्या मुलांकडे जास्त लक्ष द्या. तुमच्यापेक्षा वीस किलोंनी जड माणूस नवख्यावर अंग टाकतो का, की जपून खेळतो? थाप मारल्यावर पकड लगेच सुटते का? एका जिममध्ये मी पहिल्याच आठवड्यात एका कॉलेजच्या मुलाला रिंगमध्ये उभं केलेलं पाहिलं. बाकीचे मोबाईलवर चित्रीकरण करत होते. नाकातून रक्त येईपर्यंत कुणी थांबवलं नाही. तो मुलगा पुन्हा आला नाही. त्याला हा खेळ आवडला असता, याची मला अजून चुटपुट आहे.

मॅट रोज पुसली जाते का, हेही विचारा. नायटा अंगाला अंग घासून झपाट्याने पसरतो. चपला मॅटच्या बाहेर, अनवाणी शौचालयात जाणं बंद, घरी गेल्यावर लगेच आंघोळ, कपडे रोज धुतलेले. कान सुजला तर तसाच ठेवू नका, डॉक्टरकडून लवकर रक्त काढून घ्या. पैलवानी कान मिरवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

गावात एमएमएची जिम नसेल तर थांबून राहू नका. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागात तालीम जवळपास सापडतेच. अनेक शहरांत ज्युदोचे वर्ग आहेत. तिथे दोन वर्षं घालवलीत तर नंतर कुठल्याही जिममध्ये गेलात तरी तुम्ही रिकाम्या हाताने गेलेले नसता.

उरलेले आक्षेप

"यातून मुलगा गुंड होईल." माझा अनुभव उलटा आहे. ज्याला आठवड्यातून तीन वेळा थाप मारावी लागते, त्याला आपल्याहून भारी माणसं किती साध्या कपड्यांत फिरतात हे कळतं. तरीही जिममध्ये दादागिरीची हवा असेल तर मुलगा तीच उचलेल. म्हणून वरचं सगळं बघणं गरजेचं.

"मुलींनी कशाला?" पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत जिंकली. यूएफसीत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्याआधी रितू फोगाट कुस्ती सोडून या खेळात उतरली होती. जिममध्ये मुली टिकून आहेत का, हे बघा. टिकल्या असतील तर बहुतेक वेळा ती जिम सगळ्यांसाठीच चांगली असते.

"वय झालं." स्पर्धा करायची नसेल तर चाळिशीतही सुरुवात करता येते. रक्तदाब, मान, गुडघे एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या आणि वीस वर्षांच्या मुलाबरोबर ईर्ष्येने खेळू नका.

स्पर्धेबद्दल एकच सांगतो. पहिल्या वर्षी तिचं नाव काढू नका, आणि नंतर उतरलात तर ज्या वजनाचे आहात त्याच गटात उतरा. पाणी तोडून, घाम काढून चार-पाच किलो उतरवायची रीत या खेळाला लागलेली कीड आहे. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी लढवय्या लढतीआधी वजन उतरवताना कोसळला आणि गेला. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या संस्थेने शरीरातलं पाणी काढून वजन उतरवण्यावर बंदी घातली. तुमच्या गावच्या स्पर्धेत तशी बंदी असेलच असं नाही. ती स्वतःवर घालून घ्या.

पहिल्या दिवशी काय न्यायचं

फार काही नाही. अंगाला बसणारा टी-शर्ट, खिसे आणि चेन नसलेली चड्डी, पाण्याची बाटली, टॉवेल. दातांचा गार्ड पहिल्या महिन्यात घ्या. गरम पाण्यात बुडवून दातांवर दाबून बसवायचा साधा मिळतो. ठोसे सुरू झाले की मनगटाला गुंडाळायच्या सुती पट्ट्या आणि ग्लोव्ह. पुरुषांना जांघेचा गार्ड. चार औंसांचे पातळ ग्लोव्ह बघायला आकर्षक असतात, पण ते सामन्यासाठी. ते इतक्यात नकोत.

भाचा अखेर सोमवारपासून जायला लागला. निघताना मामा दारात खुर्ची टाकून बसले होते. त्याने पिशवी उघडून त्यांना सगळं सामान दाखवलं. मामांनी त्यातल्या एकाही वस्तूकडे पाहिलं नाही.

"हात पुढं कर," ते म्हणाले. "नखं दाखव."